फळ्याचा खालचा अर्धा

फळा दोघांत वाटलेला.
वरच्या अर्ध्यात नळाला पाणी कधी, ते:
पाचव्या दिवशी, पहाटे, दाब कमी.
तो भाग मंडळाचा, मी हात लावत नाही.
खालचा अर्धा माझा.
तिथे मी युरोप लिहितो.

हसू नका.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी टॉवेलांची खोकी मोजतोय.
शिक्के मारतोय : ग्दान्स्क, रॉटरडॅम, ट्रिएस्ट.
ज्यांची अंगं आमच्या सुतानं कोरडी होतात
त्यांच्या घरात काय चाललंय
एवढं विचारायला पासपोर्ट लागतो का?

पहिल्या वर्षी कोणी वाचलं नाही.
एकदा लिहिलं, तिकडे एक सरकार पडलं,
दीड वर्षात तिसऱ्यांदा.
अंबादास चिप्पा सायकल न थांबवता म्हणाला,
"आमच्या सोसायटीचं पण तसंच हाय की बे."
घरी जाऊन वहीत टिपून ठेवलं. तारखेसकट.

मग तिकडे रंगांवर मतदान झालं.
कातडीला कुठला रंग चालेल, कुठला नाही,
गोल सभागृहात सातशे माणसं,
चोवीस भाषा,
काचेमागे घामाघूम दुभाषे.
मी सगळं लिहिलं, आणि खाली माझं शहाणपण :
लाल बंद होणार.

संध्याकाळी त्याखाली दोन ओळी, तेलुगूत.
मला तेलुगू ऐकलेलं कळतं, लिहिलेलं नाही.
तीस वर्षं ह्याच पेठेत राहून.
यल्लूबाई बोद्दूल उंबऱ्यावर बसलेली,
मांडीवर विड्यांचं सूप.
पान कापता कापता वाचून दाखवलं तिनं :
"लाल नव्हे. लालातला एक. नीट लिव.
आणि विचारायचं कुणाला? तिथला माणूस कोण?"

दुसऱ्या दिवशी कानडी आली, गोल गोल अक्षरात, भांडत.
तिसऱ्या दिवशी उर्दू,
उजवीकडून निघून थेट माझ्या मराठीच्या पोटात घुसलेली.
मकबूल रंगवाल्याची.
त्यानंच वाचली, मोठ्यानं, पानपट्टीला ऐकू जाईल अशी :
"उनके चमडे का लिखे. हमारी हौदी का पानी
किधर जाता, वो कौन लिखेगा?"

चौथ्या दिवशी शेठचा माणूस आला.
हातात ओला टॉवेल. आमचाच, सेकंड क्वालिटी, काठ उसवलेला.
युरोप राहू दिला त्यानं.
हौदी पुसली.

त्या रात्री यल्लूबाईनं विचारलं,
"पोर्तुगालच्या बाईला फिनलंडचं कळतं का रे?
का तिलापण कोणी वाचून दाखवावं लागतंय?"
म्हटलं, कमीच कळतं म्हणतात.
जो तो आपापला पेपर वाचतो.
"मग एका जागी बसतात कशाला?"
बाजारासाठी.
तिनं विडीला दोरा गुंडाळला, दातांनी तोडला.
"बाजाराला आमीपण बसतो.
उठल्यावर बोलतात का, ते बघून सांग."

बघतोय.
रोज रात्री मोबाईलवर, चष्मा कपाळावर,
शब्दकोशाच्या काठीनं चाचपडत.
कधी एखादा लिस्बनचा माणूस
वॉर्सातल्या भाडेवाढीवर चिडलेला सापडतो
आणि मला उगीचच बरं वाटतं,
जणू माझाच कोणी लांबचा मेव्हणा.

हौदीची ओळ मी पुन्हा लिहिली.
पुसली गेली. मकबूलनं लिहिली.
पुसली. मग कानडीत आली. कोणी लिहिली
ते मला खरंच माहीत नाही, आणि
शेठच्या माणसाला कानडी येत नाही,
म्हणून ती अजून आहे.

मंडळाच्या इरण्णानं परवा दोन बोटं जागा सोडली वरून.
"पाण्याचं काय," म्हणाला, "एका ओळीत मावतंय."

उद्या पाचवा दिवस.
चारला घागरी रांगेत लागतील,
दिवे नसतील, तोंडं दिसणार नाहीत,
नळ आधी नुसती हवा सोडेल फुसफुसत,
आणि त्या वेळात कोणीतरी विचारेलच,
कुठल्या भाषेत ते अंधारात कळेल तेवढं कळेल,
त्या लालाचं पुढं काय झालं.

मला अजून माहीत नाही.