नाण्याचा आवाज

होडी आली ती केळीच्या रिकाम्या आयशरमधून,
पालथी, अंगाला पानांचे सुकलेले तुकडे चिकटलेले.
बंद पडलेल्या बोट क्लबचा लिलाव,
चौदा फूट फायबर, साडेचार हजार.
वच्छला दारातूनच म्हणाली,
भुसावळात होडी? तापीत पाणी तरी असतं का बारा महिने?
असतं, म्हणालो, चांगदेवला, संगमाच्या फुगवट्यात.
आणि पलीकडे काय आहे तुमचं?
याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

चौतीस वर्षं लोको शेडमध्ये लोखंड ओळखलं,
फायबर हाताला नवीन.
म्हणून बोलावला लीलाधर झांबरे,
ढाब्यांना फायबरचे बैल करून देणारा.
सावद्याकडच्या एका फाट्यावर
दोन पुरुष उंच पिवळं केळं उभं आहे, तेही त्याचंच.
होडीभोवती एक फेरी मारली, एक लाथ मारली,
"काही नही होत भो काका, पंधरा दिवसांत पान्यात."

पंधरा दिवसांचा अख्खा वैशाख झाला.
भर बाराला यायचा, खिशात गाणी वाजत,
शेहेचाळीस अंशांत हार्डनर ओतायचा डोळ्याच्या मापानं.
मगातच रेझीन आटायचं, तडतडायचं, धूर निघायचा,
तोच गोळा चटईवर फासायचा
थंड झालेल्या पिठल्यासारखा.
मागची कुजलेली फळी बदलली का रे?
"बदलली ना. सागवान टाकला."
वरचा निळा रंग असा चकचकीत
की गल्लीतली पोरं त्यात दात बघून गेली.
मी पैसे मोजून दिले. चहाही दिला.

काठावर मुरलीधर भोईनं खिशातून नाणं काढलं,
बोलला काही नाही,
माठ पारखावा तसा तळावर वाजवत गेला.
टक टक टक
ठब.
टक, ठब, ठब.
नाणं खिशात परत.
"मी आपला काठावरच बरा."

ग्राइंडर लावला.
निळ्याखाली पुट्टी, पुट्टीखाली हवा,
हवेखाली चटईचे पांढरे कोरडे केस,
रेझीनचा थेंबही न पोचलेले.
सागवान म्हणजे खोक्याच्या फळ्या,
एकीवर अजून अर्धं छापलेलं: नाजूक मा
काचेची कुसं मानेत, कोपरात, पापणीत.
वच्छला रात्री कणकेचा गोळा पाठीवर फिरवते
आणि बोलत नाही, हे जास्त टोचतं.

लीलाधरला फोन.
"काका, मी सुरतले हाये."
तेवढ्यात शेडचा भोंगा झाला,
एका कानात फोनमधून,
दुसऱ्या कानात अंगणातून.

शिव्या तोंडात होत्या. दिल्या नाहीत.
एक्क्याण्णवची शनिवारची दुसरी पाळी आठवली,
ब्रॅकेटला केसाएवढी चीर,
घरी पाहुणे, हातात ब्रश.
काळ्यावर काळा रंग मारला, सही केली.
इंजिन इटारसीला गेलं, आलं, पुन्हा गेलं.
काही झालं नाही.
काहीच झालं नाही, आणि चीर
अजून माझ्याकडेच आहे.

आता पहाटे पाचला उठतो,
खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं हार्डनर मोजतो,
एका दिवशी एक वीत. ऊन अंगणात आलं की बंद.
लीलाधरच्या थराखाली जुना थर लागला,
कुणा अनोळखी माणसाचा, सपाट, शांत,
एका कोपऱ्यात रेझीनमध्ये अंगठा उमटलेला.
तेवढा तुकडा घासला नाही.

ठब वाजेल तिथे खडूचा गोल काढून ठेवलाय.
तेरा होते, चार उरले.
काल वच्छला पदराला हात पुसत आली,
माझ्याच हातून नाणं घेतलं
आणि मी परवा पुरा केलेल्या जागेवर,
माझ्याच थरावर, वाजवत वाजवत थांबली.
खडू मागितला.
पाच.