पान अठ्ठेचाळीसपर्यंत

डंडीत ऑगस्ट म्हणजे टे नदीवरून येणारा वारा
आणि दुकानाची घंटी वाजवत आत येणारी ती पोरं,
मेडिकलला नंबर लागलेली,
कॉलेज उघडायला अजून पाच आठवडे,
आणि गुडघ्याला बाशिंग बांधून
गुडघ्याच्या वाटीचं लॅटिन नाव पाठ करायला निघालेली.

जुनं अ‍ॅनाटमीचं पुस्तक आहे का?
असतं. मी विकते. धंदा आहे माझा.
पण हीच पुस्तकं चार-पाच वर्षांनी फिरून माझ्याकडे येतात
आणि मी दर ठरवण्याआधी पानं उलटते.
खांदा पिवळा, दंड पिवळा आणि गुलाबी,
कोपरावर तीन रंग, शेजारी उद्गारचिन्हं.
अठ्ठेचाळिसाव्या पानावर, मनगटापाशी,
चहाचा एक गोल डाग
आणि पुढे सगळं कोरं.
काळीज कोरं. आतडी कोरी.
मेंदूला तर कुणी बोट लावलेलं नाही.

डॉक्टर लॅमंड म्हणतात, विकू नकोस त्यांना.
सांग, झोपा. समुद्रात पोहा. कुणाच्या तरी प्रेमात पडा.
पहिल्याच सोमवारी असा लोंढा येतो
की हे ओंजळभर पाणी कुठल्या कुठे जातं.
तुम्ही काय केलं होतं त्या उन्हाळ्यात?
मी? ब्लेअरगौरीला रासबेरी तोडल्या दिवसभर.
आणि रात्री?
रात्री, म्हणाले, थोरल्या भावाचं पुस्तक. चोरून.

मंगळवारी मॉर्ना मॅकॉस्किल आली,
हॅरिस बेटावरून, फेरी आणि दोन बसा बदलून, खोली बघायला.
बाप कोळंबीच्या होडीवर.
तिला मी लॅमंडचा सल्ला दिला, शब्दन् शब्द.
ती म्हणाली, बाकीच्यांच्या घरी
हे शब्द जेवणाच्या टेबलावर मिठासारखे फिरतात.
मला सगळं नको यायला.
मीठ कुठे ठेवलंय तेवढं कळलं तरी पुरे.

यावर मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

पुस्तक कागदात बांधत होते,
तर तिची नजर माझ्या उजव्या हातावर,
तळव्याकडे वळून बसलेल्या अनामिकेवर,
आणि चेहरा असा उजळला
जणू गर्दीत ओळखीचं कुणी दिसावं.
ड्युपिट्रेन! म्हणाली.
अकरा वर्षं मी त्याला आकडा म्हणत आले.
पिशवी छान अडकते त्यात.
आणि हे एवढं झोकदार फ्रेंच नाव
माझ्याच हाताला चिकटून होतं, मला पत्ता नाही.
खरं सांगायचं तर थोडा अभिमान वाटला,
थोडं असंही वाटलं की ती माझ्याशी बोलतच नाहीये,
बोटाशी बोलतेय.

मग ती लाल झाली, कानाच्या पाळीपर्यंत.
माफ करा. दुखतं का?
नाही गं. हातमोजा तेवढा चढत नाही.
मग हिवाळ्यात काय करता?

हा प्रश्न कुठल्याच पानावर नाही.
मी पाहिलीत पानं, पुढची कोरीसुद्धा.
खिशात घालते, म्हटलं,
आणि खिशात अस्तर लावून घेतलंय लोकरीचं.
तिने मान हलवली, गंभीरपणे,
जणू कुठेतरी लिहून घेत होती.

सुतळीची गाठ नेहमीसारखीच निसटली.
तिने न विचारता तर्जनी ठेवली गाठीवर,
मी फास ओढला, तिने बोट काढून घेतलं.
पुस्तकाचे अर्धेच पैसे घेतले.
चहाच्या डागाबद्दल बोलले नाही.
परत आलं कधी तर बघेन, कुठपर्यंत गेली.
नाही आलं तरी चालेल.

पाच वाजता लॅमंड आले,
खुनाची नवी कादंबरी कपाटातून काढली
आणि उभ्या उभ्याच,
चष्मा कपाळावर सरकवून,
नेहमीसारखं शेवटचं पान आधी वाचलं.