गाडीखालून

रेमो कोइवूने गाडी लिफ्टवर चढवली
आणि मला खाली बोलावलं,
"या, बघा स्वतःच्या डोळ्यांनी."
अठरा वर्षं जिच्या आत बसले
तिचं पोट मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याने चासीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, नुसता टेकवला,
तो आत गेला,
चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा.

खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे माणसं.
आमच्याकडे मीठच खातं.
नोव्हेंबर ते एप्रिल हँकॉकच्या रस्त्यांवर
काउंटीचे ट्रक मीठ फेकत जातात,
आणि बर्फाशी भांडून झालं की ते
सावकाश गाड्यांकडे वळतं.

ब्रेकच्या नळ्या, मागचा अ‍ॅक्सल, चासीला ठिगळं,
मिळून चार हजार दोनशे डॉलर.
आणि गाडीची किंमत?
रेमो खाकरला.
"टायर चांगले आहेत," म्हणाला.

एल्डनचं एकच, इंजिन बघ, घड्याळ आहे घड्याळ.
उणे वीसमध्ये चावी फिरवताना
तो तिला "चल गं म्हातारे" म्हणतो,
इतक्या मऊ आवाजात
की मी मागे वळून बघते, कोणाला म्हणाला.

तरी गेलो पुलापलीकडच्या शोरूममध्ये.
तिथला मुलगा, मिशी न फुटलेला,
तिच्याभोवती एकदा फिरला
आणि कागदावर लिहिलं, पाचशे.
एल्डनचे कान लाल.
पुढचं त्याने काहीच ऐकलं नाही,
मागचा कॅमेरा नाही, गरम होणारं स्टिअरिंग नाही.
मी मात्र बसून पाहिलं नव्या गाडीत.
कुणीच कधी ओकलेलं नाही असा वास होता.
बहात्तर हप्ते.
बोटांवर मोजलं:
शेवटचा भरू तेव्हा ब्रिटा बावीसची.

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर आकडे होते,
मिठाच्या बाटलीखाली दाबलेले.
ही घेतली तेव्हा आमचे गुडघे शाबूत होते.
माझ्या डाव्या गुडघ्याचंही एस्टिमेट आलंय.
ते मी फ्रिजवर लावलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं.
मधल्या सीटपुढे तळाला भोक आहे, वाटीएवढं.
ओटिस पाच वर्षांचा होता, त्याला सापडलं.
सबंध प्रवासभर डोकं खाली घालून
पळणारा रस्ता बघायचा,
खिडकीतून दिसणाऱ्या एवढ्या मोठ्या सरोवराला
त्याने कधी भीक घातली नाही.
भोकावर आम्ही हॉकीचा पक ठेवला, वर पायपुसणं,
आणि भोक मिटलं असं धरून चाललो
सहा वर्षं.

मग एका रात्री नऊला रेमोचा फोन.
"करून देतो मी. पैसेही जमतील तसे द्या.
फक्त ब्रिटाला चालवायला देऊ नका."

एल्डनने फोन ठेवला.
भांडी घासायला घेतली,
एक चमचा वाजला नाही.
शेवटचं पातेलं पालथं घालून म्हणाला,
"राखाडी नको. राखाडी सोडून कुठलाही रंग."

(राखाडीच मिळाली. दुसऱ्या हाताची,
अट्ठेचाळीस हप्ते.)

तिसऱ्या रांगेची सीट मात्र त्याने दिली नाही.
अंगणात, हेडलाइटच्या उजेडात,
स्वतः बोल्ट काढले. दोन तुटले,
एकाने त्याचा अंगठा घेतला.
सीट स्लेजवर बांधून ओढत नेली
गोठलेल्या सरोवरावर, मासेमारीच्या खोपटात.

आता फेब्रुवारी.
बापलेक तिथे बसतात, मध्ये थर्मास.
ओटिस बसल्या बसल्या पट्टा लावतो,
सवयीने, आणि कुणी हसत नाही.
पायांमध्ये बर्फाला भोक, वाटीहून थोडं मोठं,
खाली काळं पाणी.

परवा मी सूप घेऊन गेले
तर डोकं खाली घालून बसला होता.
"आई, रस्ता थांबलाय," म्हणाला.

मासे दोनच लागले.
तेही लहान.