सान रोकेचा पत्ता

आमच्या चर्चमध्ये पापं सांगायला जागा नाही.
ते जुनं लाकडी कपाट, जाळीचं, विटक्या मखमली पडद्याचं,
त्यात आता आम्ही टपाल ठेवतो :
वीजबिलं, शाळेच्या नोटिसा, दवाखान्याच्या तारखा,
ओआहाकाहून आलेलं एखादं जाडजूड पाकीट
ज्याला अजून वाळल्या मिरचीचा वास असतो.

एकशे बेचाळीस कुटुंबं आणि एकच पत्ता.
कुणी गॅरेजमध्ये राहतं, कुणी भावाच्या मेव्हण्याच्या सोफ्यावर,
कुणी विटांवर उभ्या केलेल्या बंद व्हॅनमध्ये.
फॉर्मवर मात्र सगळे लिहितात : द्वारा, सान रोके चर्च,
पुलाखाली, लॉस एंजेलिस.
पोस्टमन ट्रान म्हणतो,
"एउलालिया, घर फार मोठं आहे हो तुमचं."

फादर आन्सेल्मो पापं ऐकतात मागच्या अंगणात,
संत्र्याच्या झाडाखाली,
प्लास्टिकच्या दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून.
डोक्यावरून महामार्ग जातो. त्यामुळे कुणाचं काही
तिसऱ्याच्या कानावर पडत नाही.
कधी कधी फादरच्याही नाही.

दारातल्या सान रोकेच्या पायाशी प्लास्टरचा कुत्रा आहे.
त्याच्या तोंडातला पाव पोरांनी केव्हाच मोडला.
डोन्या कांदेलारिया दर शनिवारी तिथे खरा तुकडा ठेवते.
रविवारी तो नसतो.
उंदीर म्हणा, चमत्कार म्हणा,
मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात फिदेन्सिओ शोलचं पत्र आलं. कोर्टाचा शिक्का.
फिदेन्सिओ उत्तरेला गेलाय लेट्यूस कापायला,
की सीमेपलीकडे ढकलला गेलाय, की आणखी कुठे.
त्याच्या खोलीत आता दुसरीच माणसं भात शिजवतात.
ट्रान म्हणाला, सही लागेल. नाहीतर लिहा,
या पत्त्यावर राहत नाही.
मी पेन हातात घेतलं.
तीन वर्षं हा माणूस दर गुरुवारी बाकं पुसायचा.
चौथ्या बाकाचा पाय त्यानेच बसवला, जरा तिरका,
बसलं की अजून कुरकुरतो.
त्याच्या मुलीचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत
माझ्याच अक्षरात आहे.
सही केली. खाली लिहिलं : राहतो.

शनिवारी जाऊन बसले खुर्चीवर.
फादर, मी सरकारशी खोटं बोलले.
वरून एक ट्रक गेला, मग दुसरा.
"काय म्हणालीस?"
खोटं बोलले. राहतो म्हणाले.
पाठीमागून बराच वेळ काही नाही.
मग सोललेल्या संत्र्याचा वास आला.
"प्रायश्चित्त," फादर म्हणाले,
"सोमवारचं टपालही तूच लाव."
आणि मागे न वळता
अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

पत्र अजून कपाटात आहे,
पूर्वी जिथे गुडघे टेकायचे त्या फळीवर,
न उघडलेलं.
आतली तारीख मला ठाऊक नाही.
मिस्सा चालू असताना चौथं बाक कुरकुरलं
की मान तेवढी वळते.