मसुराएवढं

गाल आतून उलटा केला तेव्हा दिसला
तो पांढरा डाग,
डाव्या बाजूला, दात मिटतात त्या रेषेच्या जरा वर.
गॉजने पुसून पाहिला.
साय असती तर निघाली असती.

ओताकर श्किंदर, वय एकसष्ट,
त्यातली चव्वेचाळीस वर्षं भट्टीपुढे.
या डोंगरातल्या गावात निम्मी झुंबरं
त्याच्या तोंडच्या वाफेची आहेत.
लोक ती दवडतात.
त्यानं फुंकून फुंकून काचेत भरली,
प्याल्यांत, सुरयांत,
नाताळच्या झाडावरच्या निळ्या गोळ्यांत.

"नळीचं टोक पोळतं का?" मी विचारलं.
"नाही. गाल तेवढा ताणतो,"
आणि फुगवून दाखवला,
साठी उलटलेल्या माणसानं, बेडकासारखा,
आणि हसला नाही.

तुकडा काढावा लागेल, म्हटलं.
केवढा?
मसुराएवढा.
आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी
मसुराचं सूप करतात,
ताटलीत जितके दाणे
तितकी नाणी घरात येतात म्हणे.
"एकच दाणा?" तो म्हणाला,
"म्हणजे यंदाही कडकीच."

तरी सुई पाहिल्यावर तोंडचं पाणी पळालं.
इर्मानं शोषनळी गालात अडकवली होती,
तिला शोषायला काही मिळेना,
कोरडीच सूं सूं करत राहिली.

दोन छेद, मिळून होडीचा आकार.
होडीचं एक टोक डागात, एक निरोगी गालात,
म्हणजे सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या माणसाला
सीमा कुठे ओलांडली गेली ते दिसावं.
चिमटा अलगद धरायचा.
चिरडलेला तुकडा काही सांगत नाही.
कॉलेजात हे मी संत्र्याच्या सालीवर शिकले,
खोलीभर वास यायचा.
हात कापत नाही माझा.
तो नंतर कापतो,
बाटलीवर नाव लिहिताना.

काळ्या रेशमाचे दोन टाके.
तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला,
तळाशी जाऊन बसला.
ओताकरनं हात पुढे केला.
मला वाटलं, बघायचाय त्याला.
त्यानं बाटली दिव्याकडे धरली, बुडाशी नख फिरवलं,
आणि बधिर ओठांनी, बोबडं,
"यंत्राची काच. बुडबुडा राहिलाय."

चौदा दिवस फुंकायचं नाही.
"मग चौदा दिवस करू काय?"
फॉर्मवर गालाचं चित्र होतं, फुली मारायला.
या प्रश्नाला जागा नव्हती.

अकराव्या दिवशी लिबेरेत्सहून कागद आला.
कर्करोग नाही.
काहीच नाही, असंही नाही.
तळच्या थरातल्या पेशी जरा विस्कटलेल्या, सौम्य,
सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे.
सौम्य.
ना धड बसू देणारा शब्द, ना उठू देणारा.
फोनवर मी तो दोनदा उच्चारला.
पलीकडे भट्टी घोंघावत होती.
"फुंकत नाहीये," तो घाईनं म्हणाला,
"नुसता उभा आहे."

टाके काढायला आला तेव्हा
खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली.
आत बाटली, बोटभर उंच, हिरवट,
एका अंगाला कललेली.
"माझी नव्हे. ब्लाझेनाची, भाचीची.
पहिलीच फुंकर तिची.
पुढच्या वेळी यात ठेवा."

तिच्या तोंडाला कुठलंच झाकण बसणार नव्हतं.
लॅबवाले अशी बाटली दारातूनच परत पाठवतील.
मी बोलले नाही.
हातमोजा काढला, ती उजेडात धरली,
बुडाशी नख फिरवलं.
होता बुडबुडा.
त्यालाही दिसला असणार,
माझ्याआधी, नळीवर असतानाच.
तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

मग बाटली ओट्यावर ठेवली,
नवे हातमोजे चढवले,
म्हटलं, आ करा.