पुरावा

बेसनाचा पुडा अर्धा किलो, बेचाळीस रुपये.
अळ्या फुकट.
मोंढ्यातला नळगे म्हणाला,
"चाळून घ्यायचं ना, अक्का."

उरलेला पुडा तसाच दोऱ्यानं बांधला,
बिल लोणच्याच्या बरणीखाली.
अर्ज मीच लिहिला, वकील लागत नाही म्हणे.

सेलू ते परभणी, आज चौथी तारीख.
अर्ध्या तिकिटातसुद्धा भाडं पुड्याच्या वर गेलं,
शेजारीण न चुकता सांगते.

कंपनीचा वकील विचारतो,
"नेमकं नुकसान काय?"

व्याही जेवायला बसले होते.
पिठल्यात बघितलं, ताटातच हात धुतला,
काही बोलले नाहीत.
हे कोणत्या रकान्यात लिहू?

साहेब म्हणाले, पुडा दाखवा.
गाठ सुटली तशी
आतून एक पाकोळी उडाली
आणि वकिलाच्या काळ्या कोटावर जाऊन बसली.