त्रेसष्ट टक्के

व्होरूत जानेवारीत दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो.
हेल्यू लावत नाही. पडद्याचा उजेड पुरतो म्हणते.
चाळीस वर्षं डेअरीच्या वह्या लिहिलेली बाई,
वीज कुठे सांडते ते तिला बरोबर दिसतं.

"बहिणीशी बोलायचंय," तिनं सांगितलं.
"माइमू टोरोंटोत. तिचे कान गेलेत,
फोनवर दोघी नुसत्या ओरडतो.
लिहून बोलता येईल असं काही घाल यात.
पण फुकटातलं नको."
मी म्हटलं, सगळंच फुकट असतं.
"तेच. फुकट दूध वाटणाऱ्याचा डोळा गाईवर असतो."

म्हणून पेनड्राइव्हवर उघडी घेऊन गेलो,
ज्यांचा कोड कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा.
"म्हणजे मागचं झाकण काढलेलं घड्याळ."
हो, तसंच.

पहिल्यानं आल्या आल्या मोबाइल नंबर मागितला.
तिच्याकडे मोबाइल नाही. गेला.
दुसरा देखणा, गोल कोपऱ्यांचा,
पण तो उघडेपर्यंत तिचे बटाटे सोलून झाले
आणि पंख्याला धाप लागली.
तिसऱ्यात कुलपांवर कुलपं:
किल्ली जपा, किल्ली पडताळा, बहिणीची किल्ली जुळवा.
"आम्हा दोघींच्या कपाटाला कडीसुद्धा नव्हती रे."
मला तो सगळ्यात आवडला होता. जरा हिरमुसलो.

चौथा राखाडी. जाड चौकटी, इवली चित्रं,
कुणी आलं की दार करकरल्याचा आवाज.
मी बंद करणार, तेवढ्यात म्हणाली,
थांब, ते भाषेचं खोल.

इंग्रजी, एस्टोनियन, रशियन,
आणि पार तळाशी, कपात राहिलेल्या गाळासारखी,
आमची व्होरो,
जी शाळेत तोंडून निसटली म्हणून
हेल्यू अख्खी सकाळ कोपऱ्यात उभी राहिली होती.
पुढे आकडा: त्रेसष्ट टक्के.

निवडली. खिडकी मिटली, पुन्हा उघडली.
'ऑफलाइन' होतं तिथे कुणीतरी लिहिलेलं: रानात गेलाय.
'टाइप करत आहे'च्या जागी: दाणे टिपतोय.
हेल्यूचे खांदे हलले.
अंधारात तेवढंच दिसलं मला तिचं हसू.

अनुवाद: कालयू. शेवटचा बदल, अकरा वर्षांपूर्वी.
"हा ऊर्वास्तेकडचा," ती म्हणाली.
ओळखता?
"छे. दाणे टिपणं तिकडचेच म्हणतात."
त्रेसष्टवर का थांबला, कोण जाणे.
नोकरी लागली असेल, मूल झालं असेल, कंटाळा आला असेल.
दर वेळी मरणच कशाला हवं.

मी फाइल उघडून दाखवली:
वर इंग्रजी ओळ, खाली नुसती अवतरणचिन्हं,
पोटात काही नाही.
जमा लिहिलेली, खर्च कोरा.
अशी वही तिला झोपू देत नाही.

आता रोज संध्याकाळी एक शब्द.
'ब्लॉक करा' तीन दिवस अडलं.
"रस्त्यात भेटला तर आपण बर्फाकडे बघायचो,"
पण एवढं बटणात मावेना.
शेवटी नुसतं 'बर्फाकडे बघा' ठेवलं.
कालयूला आवडेल, असं तीच म्हणाली.

एक्काहत्तर टक्के झालेत.
'इतिहास पुसा' अजून इंग्रजीतच.
मी आठवण केली, सोपं आहे, दोनच शब्द.
"राहू दे.
परक्या बटणावर माझं बोट चुकूनही जात नाही."

तिकडे सकाळ होते. दार करकरतं.
खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरं:
माइमू दाणे टिपतेय.
आम्ही थांबतो.
बटाटे उकळून जातात.
नव्वदीच्या बोटांना
एकेक दाणा सापडायला वेळ लागतो.